बाब म्हणजे दार

दहावी-बारावीचे निकाल लागले की नालासोपारा आणि विरार स्टेशनांबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो: ‘‘कॅटेगरी कुठली?’’ विचारणाऱ्याला मुलाची आवडनिवड जाणून घ्यायची नसते. मराठीत आज ‘कॅटेगरी’ म्हणजे राखीव प्रवर्ग, अर्ज भरताना दाखल्यासह सिद्ध करायची गोष्ट. ‘कॅटेगरीतून मिळालं’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. ज्याला कॅटेगरी नाही तो ‘ओपन’, आणि अर्जात त्यालाही एक चौकोन असतोच.

हा शब्द मुळात कोर्टातला आहे. ग्रीकमध्ये ‘कातेगोरिया’ म्हणजे आरोप. ‘काता’ म्हणजे विरुद्ध आणि ‘अगोरा’ म्हणजे गावचा चौक, जिथे बाजारही भरे आणि सभाही. चारचौघांत उभं राहून एखाद्याविरुद्ध बोलणं, ही कातेगोरिया. मराठीत याला तयार वाक्प्रचार आहे: चव्हाट्यावर आणणं. हा कचेरीतला शब्द ॲरिस्टॉटलने उचलला आणि एखाद्या वस्तूबद्दल काय काय म्हणता येतं त्याचे दहा प्रकार पाडून त्यांना हे नाव दिलं. आरोपाचा असा प्रकार झाला. गंमत अशी की आपल्याकडे नेमका उलटा प्रवास झालाय. संस्कृतात ‘आरोप’ म्हणजे एका गोष्टीचा धर्म दुसरीवर ठेवणं, चढवणं. दोरीवर सापाचा आरोप करतात तो हा. वेदान्ताच्या ग्रंथांतून तो शब्द मराठीच्या पोलीस ठाण्यात आला आणि ‘आरोपी’ झाला. एका भाषेत कोर्टातून तत्त्वज्ञानात, दुसरीत तत्त्वज्ञानातून कोर्टात. वर्गवारी आणि दोषारोप यांचं काहीतरी साटंलोटं असावं, अशी शंका येते.

ॲरिस्टॉटलच्या त्या दहा प्रकारांना आपल्याकडे जवळचा शब्द कोणता? कणादाचे ‘पदार्थ’. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि पुढच्या नैयायिकांनी जोडलेला सातवा, अभाव. जगात जे जे आहे ते या सातांत बसतं, आणि जे नाही तेसुद्धा बसतं. पद म्हणजे शब्द आणि त्याचा अर्थ, तो पदार्थ. शब्दाने दाखवता येईल अशी कुठलीही गोष्ट. आता हाच शब्द मराठी स्वयंपाकघरात कसा शिरला पाहा. ‘‘पदार्थ छान झालाय’’ म्हणणाऱ्याला वैशेषिक दर्शन ठाऊक असण्याची गरज नाही. अख्ख्या विश्वाचा जमाखर्च मांडणारा शब्द मराठीने ताटात वाढला. मला हे मराठीच्या स्वभावाला धरून वाटतं.

या शब्दांच्या मागे लागायचं कारण साधं आहे. वसईत आम्ही काही मंडळी एका वार्षिकाच्या जुन्या अंकांची विषयवार सूची करत आहोत. लेख तारखेप्रमाणे लागलेले आहेत, म्हणजे कोणत्या वर्षी काय आलं ते सापडतं. पण वाचक वर्ष घेऊन येत नाही. तो विचारतो, ‘‘सुकेळ्यांवर तुमच्याकडे काही आलं होतं का?’’ तेव्हा लेखांना मथळ्यांखाली लावणं आलं, आणि लावायचं म्हटल्यावर पहिला वाद झाला तो या मथळ्यांना म्हणायचं काय यावर. वर्ग? विभाग? दालन? कप्पा? सदर? वादात एक गोष्ट ध्यानात आली. यातला प्रत्येक शब्द एक निराळी मांडणी सुचवतो. शब्द निवडला की मांडणीही अर्धी ठरून जाते.

‘वर्ग’ सर्वांत प्रतिष्ठित, म्हणून त्याच्यापासून सुरुवात. संस्कृतात ‘वृज्’ धातूचा अर्थ वळवणं, बाजूला काढणं, टाळणं. त्यापासून वर्ग आणि त्याच धातूपासून वर्ज्य. एकादशीला भात वर्ज्य आणि शाळेत पाचवीचा वर्ग, ही सख्खी भावंडं. वर्ग करायचा म्हणजे आधी कोणाला तरी बाहेर ठेवायचं, हे त्या धातूतच आहे. मराठी कारभारात ‘वर्ग करणे’ याला आणखी एक अर्थ आला: एकीकडून काढून दुसरीकडे देणं. बँक रक्कम वर्ग करते. रेल्वेत मोबाइल गेला आणि तक्रार भलत्याच ठाण्यात नोंदली गेली, की ‘गुन्हा वर्ग’ होतो. १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झालं, त्या आधी वसईची ठाणी ठाणे किंवा पालघर ग्रामीणकडे असत. म्हणजे एका परीने अख्खा तालुकाच वर्ग झाला.

वर्गांचा जुना आणि भक्कम नमुना अमरकोश. अमरसिंहाने शब्द अकारविल्हे लावले नाहीत. तीन कांडं केली आणि त्यांत वर्ग पाडले. स्वर्गवर्ग, दिग्वर्ग, वनौषधिवर्ग, सिंहादिवर्ग, मनुष्यवर्ग. ज्याला झाडाचं नाव हवं तो वनौषधीत जाईल. पण ज्याला शब्द माहीत आहे आणि अर्थ हवाय, त्याची पंचाईत. कारण शब्द कुठल्या वर्गात आहे हे कळायला आधी अर्थ कळायला हवा. उपाय एकच, सगळा कोश पाठ करणं, आणि लोक तो करत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी ‘राजव्यवहारकोश’ रचला तोही याच वळणाचा, दहा वर्गांचा: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश राज्यकारभाराचा नकाशाही आहे. मथळे वाचले तरी राज्य कशाकशाने चालत होतं ते समजतं. आमच्या सूचीचे मथळे वाचून वसई कशाने चालते ते समजलं पाहिजे, असा एक आदर्श मी मांडून पाहिला. तो एकमताने मान्य झाला, आणि तिथेच राहिला.

‘कप्पा’ आणि ‘खण’ यांची गोष्ट वेगळी. खण म्हणजे खंड, तुकडा. पूर्वी घर खणांत मोजत, तुळयांमधलं एकेक अंतर तो एक खण. ओटीतला खण म्हणजे ठरावीक मापाचा कापडाचा तुकडा. कपाटाचा खण म्हणजे त्याचा एक भाग. या सगळ्यांत समान गोष्ट ही, की तुकडा पाडला की त्यातली वस्तू त्यातच. आगाशीच्या सुकेळ्यांवरचा लेख घ्या. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच वाळक्या पानांत बांधायची; हा लेख ‘खाद्यसंस्कृती’च्या कप्प्यात टाकला की तो ‘शेती’तून गेला. शेतीत टाकला तर दिवाळीच्या फराळावर लिहिणाऱ्याला तो दिसणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याविषयीचे लेख कुठे ठेवायचे? ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक, हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यातले पुढारी आणि २०२० साली उस्मानाबादला झालेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. धर्म, साहित्य, पर्यावरण, राजकारण. ज्या कप्प्यात ठेवाल तिथून ते तीन चतुर्थांश बाहेर उरतात.

इथे ‘बाब’ हा शब्द मदतीला येतो. आज आपण तो फार बोथट करून टाकलाय. ‘ही गंभीर बाब आहे’, ‘सदर बाब निदर्शनास आणून देण्यात येते की’. पण अरबीत बाब म्हणजे दार. खरंखुरं, लाकडी, उघडणारं दार. पुस्तकाच्या प्रकरणालाही तिथे बाब म्हणतात. त्या दारातून त्या विषयात शिरायचं. तिथून फारसीत, तिथून दख्खनच्या कारभारात, तिथून आपल्या तोंडी. ‘बाबत’ त्याचाच. ‘त्या बाबतीत’ असं बोलताना आपण नकळत ‘त्या दारात’ असंच म्हणत असतो. मराठेशाहीच्या चौथाईत ‘राजबाबती’ नावाचा वाटा असे, चौथाईचा चौथा हिस्सा, तो छत्रपतींच्या खात्यात जाई; ती बाबतही हीच.

वसईकराला या शब्दाची ओळख व्हायला अरबस्तानात जायची गरज नव्हती, पण त्याचे पूर्वज गेलेले होते. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी-पुस्तकात वसईजवळच्या सोपाऱ्याचं नाव आहे. सोपाऱ्याहून तांबड्या समुद्राकडे निघालेलं गलबत ज्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून आत शिरे, तिला अरबांनी नाव दिलं बाब-अल-मंदेब. अश्रूंचं दार. अलीकडे जहाजांवरच्या हल्ल्यांमुळे हे नाव वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा आलं, तेव्हा त्यातला ‘बाब’ आणि सरकारी पत्रातली ‘बाब’ एकच, हे किती जणांच्या लक्षात आलं असेल, कोण जाणे.

दाराचा आणखी एक शब्द आपल्या घरातच उभा आहे. संस्कृत ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी. त्याचंच मराठी कवाड झालं. मग संस्कृत रूप पुन्हा आणून आपण ते दारं असलेल्या फडताळाला दिलं. त्यामुळे दरवर्षी उन्हाळ्यात ‘केदारनाथचे कपाट उघडले’ अशी हिंदीवरून घेतलेली बातमी छापून येते आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गोदरेजचं कपाट येतं.

आता कप्पा आणि दार यांतला फरक पाहा. एक वस्तू एकाच वेळी दोन कप्प्यांत राहत नाही. पण एका खोलीला दोन दारं असायला कोणाची हरकत? वसईच्या किल्ल्यालाच एक दरवाजा जमिनीकडे आणि एक समुद्राकडे. कोळी एकीकडून येई, शेतकरी दुसरीकडून, आणि दोघं एकाच शहरात पोचत. (१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांचे मराठे मात्र दोन्ही दारं सोडून सुरुंगांनी सेंट सेबॅस्टियन बुरूज पाडून आत शिरले. आणि सुरुंग हा शब्दसुद्धा बहुतेक भाषाभ्यासकांच्या मते ग्रीक ‘सिरिंक्स’पासून आलेला. पण ते असो.)

‘बाब’ची कल्पना प्रत्यक्षात कशी चालते हे पाहायचं तर ग्रंथालयात जाण्यापेक्षा तलाठ्याकडे जावं. महाराष्ट्रात जमिनीचं दप्तर गाव नमुन्यांत असतं, १ ते २१. त्यातला सातबारा सर्वांना ठाऊक, पण तो एक कागद नाही. नमुना ७ हा अधिकार अभिलेख आणि नमुना १२ पिकांची नोंद, ही दोन जोडून सातबारा. तो लागतो गट नंबराप्रमाणे किंवा सर्व्हे नंबराप्रमाणे. म्हणजे जमीन माहीत असेल तर मालक सापडेल. उलट माणूस माहीत आहे आणि त्याच्या नावावर गावात कुठे कुठे तुकडे आहेत ते हवं असेल, तर नमुना ८ अ. तो खातेदाराच्या नावाने. आणि हे सगळं कधी, कशाने बदललं हे हवं असेल तर नमुना ६, फेरफार. तो तारखेच्या क्रमाने चालतो. खरेदी, गहाण, बक्षीसपत्र, जे जसं आलं तसं. वारसाची प्रकरणं ६ क मध्ये, तंट्याची ६ अ मध्ये.

हाती लिहिलेला एखादा जुना सातबारा समोर धरा. मालकाच्या नावाशेजारी एक आकडा वर्तुळात कोंडलेला दिसतो. तो फेरफाराचा नंबर. नाव कमी झालेलं असलं तर खोडत नाहीत, कंस करतात. ‘आजोबांच्या नावाला कंस झाला’ हे वाक्य वसईतल्या कित्येक घरांत सूतक संपल्यावर ऐकू येतं. कंसातलं नाव वाचता येतं, वर्तुळातला आकडा धरून फेरफारात जाता येतं, तिथे तारीख आणि कारण मिळतं, तिथल्या नावावरून ८ अ गाठता येतो. जमीन एकच. तिच्यापाशी पोचायच्या वाटा तीन, आणि प्रत्येक वाटेवर दुसरीकडे जायची खूण. ज्यांनी हे बसवलं त्यांना सूचीशास्त्र शिकवायची गरज नव्हती. त्याच कागदावर ‘भोगवटादार वर्ग १’ आणि ‘वर्ग २’ असतं, आणि तिथे वर्ग शब्द आपलं वर्जणारं मूळ दाखवतो: वर्ग २ ची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही.

व्यापाऱ्यांकडे हीच युक्ती दोन वह्यांत आहे. कीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत दिवसभराचा व्यवहार जसा घडला तसा उतरतो. सकाळी आलेली उधारी, दुपारचा हमालीचा खर्च, संध्याकाळचा गल्ला. ‘कीर्द’ हा फारसी शब्द ‘करणे’ या अर्थाच्या धातूतला. रोज केलं ते रोजकीर्द. संध्याकाळी किंवा आठवड्याने त्यातली एकेक नोंद उचलून त्या त्या माणसाच्या, मालाच्या खात्यात मांडायची, ही खतावणी. क्रियापदही आहे, खतावणे. मूळ नोंद कीर्दीत जागच्या जागी राहते, खात्यात तिचा नुसता उतारा आणि पान नंबर जातो. आमच्या वार्षिकाची अवस्था अशी होती की कीर्द चोख आणि खतावणी शून्य. हे काम मुनीमगिरीच्या भाषेत मांडल्यावर, आयुष्यभर दुकानाचं गणित सांभाळलेले आमच्यातले एक काका, जे तोवर ‘वर्गीकरण’ शब्द ऐकून मागे सरकत होते, ते एकदम पुढे झाले. ‘‘खतवायचंय होय? मग एक नोंद दोन खात्यांत टाकायला भ्यायचं कशाला? जमा-नावे दोन्ही बाजूंना जातेच की!’’ सूचीतला सर्वांत मोठा पेच त्यांनी असा एका वाक्यात मोडला.

आता ‘सदर’. हा शब्द मला सर्वांत आवडतो, आणि वर्तमानपत्री लोकांनी तो जिवंत ठेवलाय. अरबीत ‘सद्र’ म्हणजे छाती, म्हणून पुढची बाजू, म्हणून मानाची जागा. छाती झाकतो तो सदरा त्याच घराण्यातला. गडावर कारभारी जिथे बसून न्यायनिवाडा करी ती सदर. राजगडाच्या पद्मावती माचीवर ती आजही दाखवतात. कारभाऱ्यासमोर जो विषय आला तो सदरेवर आला, म्हणून कागदात वर लिहिलेला मुख्य विषय तोही सदर, आणि हिशेबात ‘या सदराखाली इतका खर्च’. सरकारी पत्रातलं ‘सदरहू’ आणि पोलिसी पंचनाम्यातला ‘सदर इसम’ हे त्याचेच दूरचे, जरा कंटाळवाणे नातलग. लेखमालेचं सदर त्यातूनच आलं.

मथळा म्हणजे माथा. सरकारी अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष म्हणजे डोकं. सदर म्हणजे छाती. मग खाली काय असणार? पोट! मराठीत उपविभागाला देशी शब्द पोटच. पोटकलम, पोटजात, पोटशाखा, पोटहिस्सा, पोटभाडेकरू, पोटमाळा, पोटनिवडणूक. सातबाऱ्यावर लागवडीला नालायक तुकडा तो पोटखराबा. संस्कृताळलेल्या मंडळींनी ‘उप’ आणला तो आपल्या जागी ठीक, पण ‘उप’मध्ये शेजारी असण्याचा भाव आहे, उपवन वनाजवळ असतं. पोटात आत असण्याचा भाव आहे. सूचीत ‘शेती’च्या खाली ‘पानवेल’ लावायचं तर पानवेल शेतीच्या पोटातच आहे, शेजारी नाही. आमच्या मसुद्यात ‘उपवर्ग’ होतं ते खोडून मी ‘पोटसदर’ केलं. छातीचं पोट, असं कोणी हसलं. शरीरशास्त्र बिघडलं खरं, पण शब्द टिकला.

पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या मासळीच्या रांगेत बायका जवळा, करदी, बोंबील, वाकट्या यांचे वाटे लावून बसतात. वाटा लावणं म्हणजे भाग पाडणं, आणि वाट म्हणजे रस्ता. वाटे नीट लावले की वाट सापडते, असं एक झकास वाक्य सुचलं होतं. पण वाटा हा संस्कृत ‘वंट्’ म्हणजे विभागणे यातून आणि वाट ‘वर्त्मन्’मधून. उच्चारात एकत्र आले, नातं काही नाही. शब्दांच्या नादी लागणाऱ्याला असे मोह रोज होतात. ‘नालासोपारा’ म्हणजे नाला असलेला सोपारा, असं बाहेरून आलेला हमखास समजतो. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाण्यातून चालल्यावर तर त्याची खात्रीच पटते. पण ती नाळे आणि सोपारा अशी दोन गावांची नावं, स्टेशनासाठी जोडलेली.

नावांवर आलोच आहोत तर सूचीतली सर्वांत अवघड नोंद सांगायला हवी: खुद्द वसई. प्राकृत ‘वसहि’, संस्कृत ‘वसति’, म्हणजे वस्ती, मुक्काम. बहुतेक अभ्यासक वसईचं नाव याच्याशी जोडतात. म्हणजे वसई आणि वस्ती या बहिणी. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने ती पोर्तुगिजांना दिली आणि तिचं ‘बसाईं’ झालं. मराठ्यांनी घेतल्यावर तिला ‘बाजीपूर’ असं नाव दिलं गेलं, ते फार चाललं नाही. इंग्रजांनी ‘बसीन’ केलं. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरच्या स्थळवर्णनाच्या खंडात वसई शोधायची तर ‘व’ च्या आसपास काही मिळत नाही, इंग्रजी ‘बी’ खाली जावं लागतं. त्यात आणखी घोळ म्हणजे ब्रह्मदेशातही एक बसीन होतं, आजचं पाथेइन. जुन्या कॅटलॉगात दोन्ही शेजारी शेजारी बसलेली असतात. मुंबईजवळच्या समुद्रातलं वायुक्षेत्र अजून बसीनच आहे. आणि वसई रोड स्टेशनाचा रेल्वेतला कोड अजूनही बीएसआर, म्हणजे बसीन रोड. पाटीवर वसई, तिकिटाच्या यंत्रात बसीन. जिल्ह्याचंही तेच. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. त्याआधीचं वसईविषयीचं सगळं सरकारी वाङ्मय ‘ठाणे’ या सदराखाली. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर ४५ खंड काढले, त्यांत वसईच्या मोहिमेचा वेगळा खंड आहे, ही त्यातल्या त्यात मोठी सोय.

या दुखण्यावर सूचीकारांकडे दोन अक्षरी औषध आहे: ‘पहा’. ‘बसीन – पहा वसई.’ ‘बाजीपूर – पहा वसई.’ शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ केली, तिच्यात हात घातला की कळतं, अशा कामाचं निम्मं शहाणपण वाचक कुठल्या चुकीच्या नावाने शोधत येईल हे ओळखण्यात असतं. ‘पहा’ म्हणजे भिंतीत पाडलेलं नवं दार.

बाहेरून दिलेल्या नावांचं एक जुनं उदाहरण सोपाऱ्यातलंच. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना तिथे अशोकाच्या लेखाचा एक तुकडा सापडला, तो आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्याला ‘आठवा शिलालेख’ म्हणतात. १९५६ मध्ये भुईगावजवळ नवव्याचा तुकडा मिळाला. अशोकाने दगडावर आठ किंवा नऊ असे आकडे घातलेले नाहीत. गिरनार आणि इतर ठिकाणच्या लेखांची ओळीने लावणी करून अभ्यासकांनी ते क्रमांक दिले आणि सोपाऱ्याचे शब्द त्यांपैकी कशाशी जुळतात ते पाहिलं. म्हणूनच एका फुटक्या दगडावरून, तिथे एकेकाळी अख्खी मालिका असणार, हा अंदाज करता आला.

पण बाहेरून दिलेलं प्रत्येक नाव इतकं उपकारक नसतं. पोर्तुगिजांना इथल्या समाजाचे गट दिसले, त्यांना त्यांनी आपल्याकडचा ‘कास्ता’ शब्द लावला, म्हणजे वंश, बीज, वाण. मुंबई बेट ज्याला मिळालं होतं त्या गार्सिया दा ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात हा शब्द वापरला आहे. बापाचा धंदा मुलगा सोडत नाही, असं निरीक्षण त्याने तिथे नोंदलंय. तिथून तो इंग्रजीत ‘कास्ट’ झाला, जनगणनेच्या तक्त्यात बसला. त्याच गार्सियाने आपले औषधींवरचे संवाद मात्र साधारण अक्षरक्रमाने लावले. माणसांना वंशाने आणि वनस्पतींना अक्षराने. उलटं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वाटतं. झेरॉक्सच्या दुकानातला प्रश्न त्या वाटेनेच आपल्यापर्यंत आलेला आहे.

शेवटी प्रत्येक सूचीत उरतं ते ‘इतर’. अमरसिंहालाही तिसऱ्या कांडात ‘संकीर्णवर्ग’ करावा लागला, तिथे आपली काय कथा! हिशेबात त्याला किरकोळ म्हणतात, अंक काढणारे फुटकळ म्हणतात. आमचं ‘इतर’ फुगत फुगत ‘इतिहास’च्या पुढे गेलं, तेव्हा ते उपसायला घेतलं. त्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द येत होता: बावखल. वसईच्या वाड्यांमधली ती छोटी तळी. बाव म्हणजे विहीर, संस्कृत ‘वापी’चं घरगुती रूप, आणि खल म्हणजे खोलगट जागा. बावखलांवरचे लेख शेतीत टाकले नव्हते कारण त्यांत मासे होते, पर्यावरणात टाकले नव्हते कारण त्यांत भाऊबंदकी होती, आणि इतिहासात टाकले नव्हते कारण काही बावखलांत अजून पाणी होतं. रहाट, पाटाचं पाणी, टँकर, बुजवलेल्या बावखलावर उभी राहिलेली इमारत, पोहायला शिकल्याच्या आठवणी, सगळं तिथे.

नवं सदर करायचं ठरलं. त्याला ‘जलस्रोत व जलव्यवस्थापन’ म्हणावं, असा रीतसर प्रस्ताव आला. शब्द शुद्ध आहे, शासनमान्य आहे, आणि त्याने शोधत कोणी येणार नाही. बरीच चर्चा होऊन सदर ‘बावखल’ याच नावाने उघडलं. प्रस्ताव देणारे दुखावले जाऊ नयेत म्हणून ‘ज’ खाली एक ओळ घातली: जलस्रोत – पहा बावखल.